पाटीवर जागा आहे

२ जानेवारी, सोमवार

नोकरी लागली. हे वाक्य आधी कच्च्या कागदावर तीनदा लिहून पाहिले आणि मगच वहीत उतरवले. पहिल्याच पानावर खाडाखोड नको. वही ताईने दिली आहे. देताना म्हणाली, नव्या गावात बोलायला कोणी नसेल तर हिच्याशी बोल, रोज फोन करून माझे डोके खाऊ नकोस.

खोली गच्चीवर आहे. एक खाट, एक टेबल, भिंतीला तीन खुंट्या. खाली सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, त्यामुळे दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या चाकात हवा भरल्याचा आवाज येतो. मला तो आवडला.

ऑफिस चालत अठरा मिनिटांवर. दुसऱ्या मजल्यावर एक लांब खोली, चार टेबले आणि टोकाला मोठ्या बाईंची केबिन. काम असे आहे: नळजोडणीचे जुने अर्ज गठ्ठ्यांनी येतात. तळाच्या चौकटीत सही आहे की नाही एवढेच पाहायचे. असली तर ‘पाहिले’ असा शिक्का मारून डावीकडे, नसली तर तसाच उजवीकडे. अर्ज वाचायचा नाही. जाहिरातीत पात्रता ‘लिहिता-वाचता येणे’ एवढीच होती. मी नववीत शाळा सोडली. ताईच्या मते मी या कामाला पुरून उरतो.

तीन महिने कच्चे, मग कायम. आज एकशे ऐंशी अर्ज केले. एकही चूक नाही, दोनदा तपासले.

४ जानेवारी

माझ्या आधीची तिघे इथे फार मोठी शिकलेली आहेत. अर्जावर खरे शिक्षण लिहिले असते तर घेतले नसते, म्हणून तिघांनीही ते लपवले. नावांनी इथे कोणी कोणाला हाक मारत नाही, जुन्या धंद्याने मारतात.

डॉक्टर शस्त्रक्रिया करायचे. त्यांचे हॉस्पिटल बंद पडले. शिक्के मारायला बसण्याआधी ते कोपरापर्यंत हात धुतात आणि शिक्का दोन बोटांत असा धरतात की कागदाला दुखू नये. दर शंभरावा शिक्का मुद्दाम उलटा मारतात आणि कोणी पकडते का ते बघतात. चार वर्षांत कोणी पकडलेले नाही.

पूलसाहेबांनी सात पूल बांधले. आता टाचण्यांचे बांधतात आणि त्यावर शाईची बाटली ठेवून बघतात. घरी अजून सांगितलेले नाही. बायको-मुलांना वाटते साहेब साइटवर जातात. म्हणून घरी जाण्याआधी ते बागेच्या वाफ्यात थांबतात आणि बुटांना ओली माती फासतात.

दुभाषीबाईंना नऊ भाषा येतात. ‘नळ बंद करावा’ या पाटीतसुद्धा त्या लाल पेनाने दुरुस्ती करतात. रोज अकरा दहाला त्या हात धुवायच्या खोलीत जातात, नळ मोठा सोडतात आणि पाच मिनिटे बाहेर येत नाहीत. डोळे लाल करून आल्या की सगळ्यांशी भांडतात.

माझे शिक्षण विचारले. नववी म्हटले. मग डॉक्टर हसले. म्हणाले, चला, या ऑफिसात एक तरी माणूस आपल्या मापाच्या खुर्चीवर बसला, बाकी आपण सगळे तिपाईवरचे हत्ती. पूलसाहेबांनी विचारले की शाळेत काय अडले. मी म्हणालो, बीजगणित, आणि घर. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. दुभाषीबाई म्हणाल्या की इतकी कोरी पाटी त्यांनी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. तेव्हापासून माझे नाव पाटी.

वाईट वाटले नाही. टोपणनाव ठेवतात म्हणजे माणसात घेतात.

९ जानेवारी, सोमवार

मला शिकवायचे ठरले आहे! जेवणानंतर दीड ते दोन, मागच्या कपाटांच्या खोलीत, पाळीपाळीने. मोठ्या बाईंची परवानगी आहे. कामात मावत नाही ते कुठेतरी काढावेच लागते, एवढेच त्या म्हणाल्या म्हणे.

आज डॉक्टरांनी हृदय शिकवले. शिकवताना माझे मनगट धरून बसले. विद्यार्थ्याचे लक्ष उडाले की नाडीत कळते, असे त्यांचे म्हणणे. मला वाटले थट्टा करतात, पण त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही. आणि काय शिकवले! कपाटावर खडूने एक रेघ न ओढता सगळे डोळ्यांपुढे उभे केले. एकदा ऐकले आणि बसले. शाळेत मला अशी माणसे भेटली असती तर मी ठोंब्या ठरलो नसतो.

संपल्यावर डॉक्टर कपाटाला डोके टेकून तोंड उघडे टाकून झोपले. चेहरा इतका मऊ, की तान्ह्या मुलाचा वाटावा.

१२ जानेवारी

आज कमान. वजन दगडातून दगडात कसे उतरते आणि शेवटी जमिनीला कसे देऊन टाकायचे. पूलसाहेबांनीही मनगट धरले. म्हणाले, डॉक्टरांची युक्ती चांगली आहे.

ताईला फोन केला. ती रडली. म्हणाली, आज आई असती तर गल्लीतल्या कुत्र्यामांजरांनासुद्धा बोलावून सांगितले असते.

१८ जानेवारी

काल दुभाषीबाईंचा पाठ झाला. आज सकाळी दुकानाबाहेर दोन परके प्रवासी वाट विचारत होते. मी त्यांना त्यांच्या भाषेत उत्तर दिले. ते आभार मानून गेले. मी तिथेच उभा राहिलो. एका पाठात भाषा येत नाही, एवढे मला नववीतही माहीत होते.

आज अकरा दहाला नळ वाजला नाही. दुभाषीबाई शिक्के मारत गुणगुणत होत्या.

२४ जानेवारी, मंगळवार

कपाटाच्या पत्र्याने पूलसाहेबांचा तळहात कापला. रक्त बरेच गेले. डॉक्टर शेजारीच होते. त्यांनी वाकून पाहिले आणि प्रसन्नपणे म्हणाले की कोणीतरी डॉक्टरला बोलवायला हवे.

सगळे हसले. मला वाटले हा त्यांचा विनोद. पण ते नुसते बघत राहिले. मग मी उठलो, हात वर धरला, दाबायचे तिथे दाबले, पट्टी बांधली. माझे हात माझ्या पुढे चालत होते.

नंतर डॉक्टरांना एकटे गाठून विचारले, हृदयाचे कप्पे किती. त्यांनी विचार केला. म्हणाले, चार? की दोन? असतील बुवा काहीतरी. आणि शिक्का मारला. आज त्यांचे सगळे शिक्के सुलट आहेत. मी मोजले. हातही धुतले नव्हते.

२७ जानेवारी

दात घासताना एक बाई आठवली. टेबलावर झोपलेली, हिरव्या कापडाखाली, फक्त पोट उघडे. चिमटा लावायला मला एक मिनिट उशीर झाला. बाहेर तिचा नवरा दोन कप चहा घेऊन उभा होता, एक तिच्यासाठी.

मी कधी शस्त्रक्रियेची खोली पाहिलेली नाही.

३१ जानेवारी, मंगळवार

हे नीट लिहितो, क्रमाने.

शर्टाचे काज फाटले. आई शिलाई करायची. काज घालायला तिने मला सातव्या वर्षी शिकवले आणि शाळा सुटल्यावर मी तेच करायचो, दिवसाला साठ. झोपेतही घालेन असे वाटायचे. आज सुई हातात घेतली आणि कुठून सुरू करायचे ते आठवेना. अर्धा तास बसलो. मग हातांनी टाके घातले. स्वच्छ, सारख्या अंतराचे, गाठ मारून कापलेले. ते काज नव्हते. ती जखम बंद केली होती.

शिकवले की त्यांचे जाते, हे आता मला कळले आहे. ते माझ्यात येते, आणि ते यायला माझ्यातले काहीतरी सरकते.

आईला जाऊन चार वर्षे झाली. तिचा एकही फोटो नाही. मशीनवर बसलेल्या बाईचा फोटो कोण काढतो. ती आहे ती ताईकडे आणि माझ्याकडे. तिसरीकडे कुठेही नाही.

यादी केली आहे. आईचे, ताईचे, माझे असे जे जे माझ्याकडे आहे ते. एकतीस गोष्टी निघाल्या. रोज संध्याकाळी तपासणार.

२ फेब्रुवारी

तीस. आठवी गोष्ट: आई कापड बेतताना खडू कानावर ठेवायची. लिहिलेले आहे. कोणत्या कानावर ते गेले.

६ फेब्रुवारी, सोमवार

आज सांगितले की पाठ पुरे.

डॉक्टर प्रेमाने हसले. म्हणाले, नववी नापास माणसाने ज्ञान नको म्हणणे म्हणजे तहानलेल्याने विहिरीशी भांडणे. (मी नापास नव्हतो. सोडली होती. हे बोललो नाही.) दुभाषीबाईंनी माझे दोन्ही हात धरले. सहा वर्षांनी त्यांना झोप लागते आहे. इतके येत असताना दिवसभर सही आहे-नाही बघत बसणे म्हणजे काय असते ते तुला कसे कळणार, म्हणाल्या, आत सगळे जागे असते आणि बाहेर काढायला दार नसते. पूलसाहेबांनी हात जोडले. सात पूल बांधलेल्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले.

मी म्हणालो की मी रिकामा नाही. आईबद्दल सांगितले, काजांबद्दल सांगितले. तिघांनी लहान मुलाचे ऐकतात तसे मान डोलावून ऐकले. डॉक्टर म्हणाले, अरे पाटी, ते म्हणजे काही शिक्षण नव्हे.

इथेच त्यांचे चुकते. शाळा कमी म्हणजे जागा जास्त, असा त्यांचा हिशेब आहे. पण मोठी माणसे इतक्या खात्रीने बोलली की मलाही क्षणभर पटले. आयुष्यभर कोणी मला काही द्यायला आले नव्हते. मला नाही म्हणता आले नाही. दीड वाजता गेलो. मनगट मीच पुढे केले.

१० फेब्रुवारी

चोवीस.

‘आई दोरा दाताने तोडायची आणि तोंडातला धागा विसरून तसाच बोलायची.’ अक्षर माझे आहे. शुद्ध आहे. वाचले तर पाठ्यपुस्तकातल्या वाक्यासारखे वाटते. रडू यायला हवे होते. थांबून पाहिले. आले नाही.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

ऑफिस सुटल्यावर चालत होतो. भानावर आलो तेव्हा बागेच्या वाफ्यात उभा होतो आणि बुटांना माती फासत होतो. आधी उजव्या, मग डाव्या. पुढे दोन वळणे घेतली, हिरव्या फाटकाची कडी न बघता काढली आणि बेल वाजवली.

पूलसाहेबांच्या पत्नीने दार उघडले. त्यांना मी कधी पाहिले नव्हते. त्यांच्या मानेवरचा तीळ मला माहीत होता. त्यांनी विचारले, तुम्ही ह्यांच्या ऑफिसातले का. आत पूलसाहेब जमिनीवर बसून भिंतीकडे बघत हसत होते. मुलगा वही घेऊन आला आणि वडिलांकडे न जाता आईकडे गेला. पत्नी हळू आवाजात म्हणाल्या की हे हल्ली खूप आनंदात असतात. छान झोपतात. कशाला नाही म्हणत नाहीत. काल मुलाला विचारत होते, तुझे नाव काय, बाळ.

मी त्या मुलाचे नाव गच्चीच्या जिन्यापर्यंत म्हणत आलो. माझा ऊर भरून आला होता. माझा नव्हे.

२१ फेब्रुवारी

मोठ्या बाईंना भेटलो. पहिल्यांदाच केबिनमध्ये गेलो. टेबलावर काही नाही. दारावरच्या पट्टीवर नाव नाही.

तक्रार ऐकून घेतली. मग त्यांनी सांगितले, हवापाणी सांगावे तसे, की त्या इथे फरशी पुसायला आल्या होत्या. सहावी शिकलेल्या. तेव्हा बाहेर सातजण होते, एकाहून एक हुशार. त्यांनी दुपारी शिकवायला घेतले. पाटी भरली की तिला केबिन मिळते. भरलेल्या माणसाकडून खालचे काम होत नाही आणि वरचे काम इथे नाही.

म्हणजे माझी निवडही त्यासाठीच का, असे विचारले. म्हणाल्या, तीनशे अर्जांत सर्वांत कमी शिकलेला तू होतास.

निघताना विचारले, तुम्हाला आई होती का.

 म्हणाल्या, असणारच. सगळ्यांना असते.

२७ फेब्रुवारी

अकरा.

नोकरी सोडायचे ठरवले. राजीनामा लिहायला बसलो तर चार भाषांत लिहून झाला. कोणत्या भाषेत पाठवावा ते ठरेना. खिडकीखालच्या दुकानाच्या तुळईला तडा आहे. पावणेदोन वर्षे टिकेल. कोणाला सांगावेसे वाटले नाही.

ताईचा फोन. म्हणाली, असा काय परक्यासारखा बोलतोस, तोंडात पुस्तक धरल्यासारखा. मी दिलगिरी व्यक्त केली. ती म्हणाली, मी येते.

३ मार्च

तिघे सुखी आहेत. दिवसाला सहाशे अर्ज. बोलत नाहीत, भांडत नाहीत. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडायची आठवण करावी लागते.

माझे चाळीसही होत नाहीत. सही नुसती बघता येत नाही. अक्षर थरथरले की आजार दिसतो. नळाचा व्यास चुकलेला दिसतो. माणूस कोणत्या भाषेत विचार करून लिहितो ते ऐकू येते. आणि मारायचे काय, तर ‘पाहिले’. हसू येते. राग येतो. मग तोही जातो, बोट बधिर होते तसा.

आज कोपरापर्यंत हात धुतले. अकरा दहाला नळ सोडून उभा होतो.

एक शिक्का उलटा मारला. कोणी पकडला नाही.

८ मार्च

चार.

डॉक्टर आले आणि मला साहेब म्हणाले. विचारत होते, साहेब, तुम्ही किती शिकलात?

९ मार्च

दोन. एक ‘ताई’. दुसरी वाचता येते, पण —

भीती वाटत नाही. वाटायला हवी, असे वही वाचून दिसते.

१३ मार्च, सोमवार. ऑफिसात, दुपारी

एक बाई आली आहे. वय चाळिशीच्या आत. घोट्यांवर सूज, रक्त कमी. डाव्या पायावर जास्त वजन. पिशवी छातीशी. मला बघून थेट टेबलापाशी आली. वहीत लिहिले आहे त्यावरून ही ताई असावी. खुर्ची दिली. अर्जावर सही आहे का विचारले.

ती म्हणाली, अरे गाढवा, मी आहे.

मग रडली. मग रडणे थांबवले आणि म्हणाली, ठीक आहे, आठवत नाही ना, मी सांगते, सगळे पहिल्यापासून सांगते. खुर्ची ओढून शेजारी बसली. माझे डावे मनगट दोन्ही हातांत धरले. उजव्या हाताने मी हे लिहितो आहे.

ती सांगते — तू शाळा सोडलीस त्या संध्याकाळी आईने काही शिवले नाही. मशीनवर बसली. कापड नाही, दोरा नाही. नुसती पाय मारत राहिली. चाक फिरत राहिले. आपण दोघे उंबऱ्यात बसलो होतो. तिची पाठ दिसत होती —

दिसली. पाठ दिसली. पोलक्याचा धुऊन पांढरा पडलेला निळा रंग. चाकाचा आवाज. एका फेरीत एकदा खट् होणारा. आई. माझी आई. मी रडतो आहे. कागद भिजतो आहे, शब्द बरोबर आहेत की नाहीत कोण जाणे —

ताई थांबली. माझे डोळे पुसले. म्हणाली, काय झाले रे? काय सांगत होते मी?

मी म्हणालो, मशीन. आई, मशीनवर.

ती म्हणाली, कसली मशीन?

हसते आहे. प्रेमाने. चेहरा मऊ झाला आहे.

तिला माहीत नाही. ताईकडून गेली तर आई कुठेच — मी भरलेला आहे, उद्या केबिन, उद्या माझ्यातही राहणार नाही — हात सोडवायला हवा. तिला सांगायला हवे की गप्प बस ताई, घरी जा, जे उरले आहे ते घेऊन जा —

ती दुसरी गोष्ट सुरू करते आहे. म्हणते, एकदा काय झाले, आईला ताप होता आणि तू —

तिचा अंगठा माझ्या नाडीवर. किती ऊब आहे. दोन महिन्यांत कशानेच असे — सोडवतो. आत्ता सोडवतो. एवढी एक ऐकतो आणि मग लगेच